एक्स्टेंशनमधला आकडा: साठवताना आणि वाचताना

व्हिज्युअल स्टुडिओ कोडसाठी एखादं छोटं एक्स्टेंशन लिहायला घेतलं की लवकरच युजरला एखादा आकडा विचारायची वेळ येते. किती सेकंदांनी तपासायचं, किती ओळी दाखवायच्या, किती सूचना पुरेत. आकडा एकच, तोही पूर्णांक. त्यामुळे त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पण ‘सेव्ह केलं तरी बदलत नाही’, ‘शून्य टाकलं की दहा होतं’, ‘एडिटर अचानक जड चालायला लागला’ अशा तक्रारींचा माग काढत गेलात, तर पुष्कळदा त्या याच आकड्यापाशी पोचतात.

आकडा साठवताना घेतलेली काळजी पुरत नाही, तो वाचताना दर वेळी नव्याने तपासावा लागतो, हे मला या लेखात सांगायचं आहे. ज्या फाइलमध्ये तो राहतो ती फाइल युजरची आहे. तिथे तुमच्या कोडशिवाय इतरांचेही हात लागतात, आणि ते लागायलाच हवेत.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. मार्कडाउनमध्ये मराठी लेख लिहिणाऱ्यांसाठी तुम्ही एक एक्स्टेंशन करता आहात. खालच्या स्टेटस बारमध्ये ते लेखाची शब्दसंख्या दाखवतं. दर किती सेकंदांनी शब्द मोजायचे, हे युजरने ठरवायचं. डिफॉल्ट ५, कमीत कमी १, जास्तीत जास्त ६००.

घोषणा काय करते आणि काय करत नाही

सुरुवात ‘पॅकेज डॉट जेसन’ या फाइलपासून होते. तिच्यातल्या ‘कॉन्ट्रिब्यूट्स’ विभागात ‘कॉन्फिगरेशन’खाली सेटिंगची नोंद करायची. टाइप म्हणून ‘नंबर’ चालतो, पण ‘नंबर’मध्ये २.५ सुद्धा बसतो. पूर्णांकच हवा असेल तर ‘इंटिजर’ लिहा. सोबत ‘डिफॉल्ट’, ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’ द्या, आणि वर्णनात एकक न विसरता लिहा. एडिटरच्या स्वतःच्या सेटिंगांमध्येही एककाचा घोळ होऊ शकतो. फाइल आपोआप सेव्ह होण्याआधीचा वेळ तिथे मिलिसेकंदांत मोजतात आणि त्याचा डिफॉल्ट १००० आहे. वर्णन न वाचता कोणी तिथे सेकंद समजून ५ लिहिले, तर जवळजवळ दर अक्षरागणिक फाइल सेव्ह व्हायला लागेल. तुमच्या सेटिंगच्या नावातच ‘सेकंद’ आलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

ही नोंद आवश्यकच आहे. जिची नोंद नाही अशा कळीत काही लिहायला गेलात तर एडिटर सरळ नकार देतो. वाचताना मात्र तो गप्प राहतो. कळीच्या नावात एका अक्षराची चूक असली तरी वाचणारा कोड डिफॉल्टवर आनंदाने चालत राहतो आणि लिहिणारा कोड पडतो. म्हणून कळीचं नाव कोडमध्ये एकाच ठिकाणी स्थिरांक म्हणून ठेवा.

पुष्कळांचा समज असा की ‘इंटिजर’ लिहिलं, हद्दी दिल्या, म्हणजे कोडपर्यंत पोचणारी व्हॅल्यू १ ते ६०० मधला पूर्णांकच असणार. सेटिंगच्या पडद्यावरून कोणी चुकीचा आकडा टाकला तर तिथे चूक दाखवली जाते, एवढं खरं. पण तीच सेटिंग ‘सेटिंग्ज डॉट जेसन’ फाइल उघडून हातानेही लिहिता येते, आणि सराईत लोक तेच करतात. तिथे उणे पाच लिहिलं, २.५ लिहिलं, किंवा ५ हा आकडा अवतरणचिन्हांत लिहिला, तर फार तर खाली नागमोडी रेघ येते. फाइल सेव्ह होते, आणि तुमच्या कोडने सेटिंग वाचणारं ‘गेट’ फंक्शन बोलावलं की जे लिहिलं आहे तेच जसंच्या तसं हाती येतं.

टाइपस्क्रिप्टचाही इथे आधार नाही. ‘गेट’च्या पुढे कोनी कंसात ‘नंबर’ लिहिलं की कंपायलरचं समाधान होतं, पण ती खूण कोड जावास्क्रिप्टमध्ये उतरताना पुसली जाते. चालत्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी कोणतीही तपासणी होत नाही. मग अवतरणचिन्हांतला ‘५’ स्ट्रिंग म्हणून आत येतो. त्याला १००० ने गुणलं तर जावास्क्रिप्ट मुकाट्याने ५००० देते, सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या कुठल्या ओळीत त्यातच १ मिळवला की उत्तर येतं ‘५१’.

हद्दीबाहेरच्या आकड्याचा परिणाम याहून वाईट. डेस्कटॉपवर एक्स्टेंशनं नोड डॉट जेएसवर चालतात. नोडच्या टायमरला जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मिलिसेकंदांचं अंतर कळतं, म्हणजे सुमारे २४.८ दिवसांचं. त्याहून मोठा, १ पेक्षा लहान किंवा आकडाच नसलेला कोणताही विलंब दिला तर नोड तो बदलून १ मिलिसेकंद करतो. आता असा युजर डोळ्यांसमोर आणा ज्याला शब्दमोजणी जवळपास बंदच करायची आहे. तो विचार करतो, भलामोठा आकडा टाकू, आणि ९९९९९९९९ सेकंद लिहितो. मिलिसेकंद केल्यावर हा आकडा नोडच्या मर्यादेपलीकडे जातो, आणि ‘कधीच नको’ म्हणणाऱ्या माणसाचा लेख सेकंदाला शेकडो वेळा मोजला जायला लागतो. त्याच प्रोसेसमध्ये त्याची बाकीची एक्स्टेंशनंही चालत असतात, तीही अडखळतात. लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला तरी दोष या एका सेटिंगचा आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. युजरला ‘बंद’ म्हणायची सोय दिली नाही, तर तो आकड्यातूनच ती शोधतो. म्हणून एक तर वेगळी हो-नाही सेटिंग द्या, नाही तर ‘० म्हणजे बंद’ असं वर्णनात स्पष्ट लिहून किमान हद्द शून्यावर आणा. मला पहिला मार्ग अधिक पटतो, कारण बंद करून पुन्हा चालू करताना आधी ठरवलेला आकडा तसाच राहतो.

शून्य ही खरी व्हॅल्यू ठेवायची असेल तर एका सवयीपासून सावध राहा. ‘सेटिंग नसेल तर डिफॉल्ट घे’ असं म्हणण्यासाठी दोन उभ्या रेघांचं चिन्ह (||) लिहिण्याची पद्धत जुनी आहे. पण ते चिन्ह शून्यालाही ‘नाही’च समजतं. युजरने मुद्दाम लिहिलेला ० तिथे पुसला जाऊन त्याजागी डिफॉल्ट बसतो. दोन प्रश्नचिन्हांचं चिन्ह (??) फक्त व्हॅल्यू अजिबात नसेल तेव्हाच पर्याय घेतं. तेच वापरा.

वाचणारं एकच फंक्शन

यावरचा उपाय छोटा आहे. ही सेटिंग वाचणारं एकच फंक्शन लिहा आणि बाकी सगळ्या कोडने आकडा त्याच्याकडूनच घ्यायचा, असा नियम करा. फंक्शनमध्ये आधी व्हॅल्यू घ्या. मग ‘नंबर डॉट इज-इंटिजर’ने विचारा. हे फंक्शन अवतरणातल्या ‘५’ ला नाही म्हणतं, २.५ ला नाही म्हणतं, अनंताला नाही म्हणतं आणि ५.० ला हो म्हणतं. आपल्याला नेमकं हेच हवं असतं. उत्तर ‘नाही’ आलं तर डिफॉल्ट द्या. ‘हो’ आलं पण आकडा हद्दीबाहेर असेल, तर जवळची हद्द द्या.

या दोन बाबतींत वेगळं वागण्यामागे कारण आहे. स्ट्रिंग किंवा अपूर्णांक आला तर युजरच्या मनात काय होतं हे ठामपणे सांगता येत नाही. पण ६०० ची हद्द असताना कोणी ५००० लिहिलं, तर त्याला ‘खूप वेळाने’ म्हणायचं आहे हे उघड आहे. त्याला ५ सेकंदांच्या डिफॉल्टवर आणून ठेवणं म्हणजे त्याच्या इच्छेच्या बरोबर उलट वागणं.

दुरुस्त केलेला आकडा फाइलमध्ये परत लिहू नका, हे मी आग्रहाने सांगेन. तो फक्त स्मृतीत वापरा आणि युजरला एकदा, स्पष्ट शब्दांत कळवा: अमुक सेटिंगमध्ये अमुक व्हॅल्यू दिसली, तूर्त ६०० वापरतो आहोत. न विचारता त्याची फाइल बदलली तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. शिवाय सेटिंग बदलल्याची वर्दी ऐकणारं फंक्शन स्वतःच सेटिंग बदलू लागलं, तर त्या बदलाची नवी वर्दी येते आणि भोवरा सुरू होण्याची शक्यता असते.

त्या वर्दीबद्दल एवढंच की ‘अफेक्ट्स-कॉन्फिगरेशन’ विचारून आपलीच कळ बदलली आहे याची खात्री करा, आणि नवा टायमर लावण्याआधी जुना बंद करा.

सेव्ह केलं, पण कुठे

आता कोडमधून लिहिण्याकडे येऊ. ‘अपडेट’ या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: कळ, व्हॅल्यू आणि लक्ष्य. तिसरी गोष्ट पुष्कळजण गाळतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

लक्ष्य दिलं नाही, तर एडिटर ती व्हॅल्यू युजरच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये लिहीत नाही. ती वर्कस्पेसमध्ये जाते, किंवा सेटिंग एखाद्या फोल्डरशी बांधलेली असेल तर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये. याचे दोन परिणाम होतात. कोणताच फोल्डर उघडा नसेल तर लिहायला जागाच नाही, म्हणून त्रुटी येते. फोल्डर उघडा असेल तर ‘डॉट व्हीएसकोड’ नावाच्या फोल्डरमधली सेटिंग फाइल बदलते. ती फाइल बहुतेक वेळा गिटमध्ये असते. एकाच्या सोयीने ठरलेला आकडा पुढच्या कमिटबरोबर सगळ्या सहकाऱ्यांकडे पोचतो. वैयक्तिक आवडीची सेटिंग असेल तर लक्ष्य म्हणून ‘ग्लोबल’ स्पष्ट लिहा.

‘सेव्ह केलं तरी बदलत नाही’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे. व्हॅल्यू ठरवताना एडिटर आधी डिफॉल्ट घेतो, त्यावर युजरची, त्यावर वर्कस्पेसची आणि सर्वांत वर फोल्डरची. वर्कस्पेसमध्ये २० लिहिलेले असतील आणि तुम्ही ग्लोबलमध्ये ५ लिहिले, तर लिहिणं यशस्वी होतं, त्रुटी येत नाही, पण चालणारा आकडा २० च राहतो. ‘इन्स्पेक्ट’ हे फंक्शन चारही थरांवर काय लिहिलं आहे ते वेगवेगळं दाखवतं. लिहिण्याआधी ते विचारा. वरच्या थरावर व्हॅल्यू असेल तर युजरला तसं सांगा आणि कुठे बदलायचं ते त्यालाच ठरवू द्या.

‘अपडेट’ लगेच पूर्ण होत नाही. फाइल लिहून होईपर्यंत थांबायला ‘अवेट’ लावा आणि ‘जतन झालं’ हा निरोप त्यानंतरच दाखवा. युजरच्या सेटिंग फाइलमध्ये आधीच कुठे तरी स्वल्पविरामाची किंवा कंसाची चूक असेल तर लिहिणं फसतं. ती त्रुटी पकडून दाखवणं तुमचं काम. आणि लिहून झाल्यावर हातात असलेल्या जुन्या कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टमधून वाचू नका. तो घेतला त्या क्षणाचं चित्र असतो. ‘गेट-कॉन्फिगरेशन’ पुन्हा बोलावा.

सेटिंग मूळ स्थितीला न्यायची असेल तर डिफॉल्टचा आकडा लिहू नका, ‘अनडिफाइन्ड’ लिहा. त्याने फाइलमधली नोंदच निघून जाते.

देवनागरी अंक

युजरकडून आकडा घेण्यासाठी एडिटरचा ‘शो-इनपुट-बॉक्स’ हाताशी असतो. तो नेहमी स्ट्रिंग देतो, आणि युजरने एस्केप दाबलं तर ‘अनडिफाइन्ड’ देतो. त्या स्ट्रिंगचा आकडा करताना जावास्क्रिप्टचे दोन्ही प्रचलित मार्ग दगा देतात. ‘नंबर’ फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगचा ० करतं, म्हणजे काही न लिहिता एंटर दाबणाऱ्याचा आकडा शून्य होतो. ‘पार्स-इंट’ला ‘१२अबक’ असं इंग्रजी अंकांत दिलं तर ते पुढची अक्षरं सोडून १२ देतं, आणि १.९ चा १ करतं.

आपल्या उदाहरणातला युजर मराठी लिहितो आहे. त्याचा कीबोर्ड देवनागरीवर असणार, आणि तो ‘१०’ हे देवनागरीतच टंकेल. जावास्क्रिप्टचे दोन्ही मार्ग त्याला ‘हा आकडा नाही’ असं उत्तर देतात. त्या माणसाने चुकीचं काहीच केलेलं नाही. पायथनचं ‘इंट’ आणि जावाचं ‘पार्स-इंट’ देवनागरी अंक बिनतक्रार समजून घेतात. डॉट-नेटमध्ये तर विचित्र गंमत आहे: अंक ओळखणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं चिन्ह देवनागरी अंकांना अंक मानतं, पण ‘इंट डॉट पार्स’ त्यांच्यावर अपवाद फेकतं. म्हणजे आधी तपासून, ठीक म्हणून पुढे पाठवलेला आकडा पुढच्याच ओळीत प्रोग्रॅम पाडतो.

उपाय दोन ओळींचा आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक २४०६ पासून २४१५ पर्यंत ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येक अक्षराचा क्रमांक घेऊन, तो या पट्ट्यात असेल तर त्यातून २४०६ वजा करायचे, की अंक मिळतो. आधी हे रूपांतर, मग दोन्ही टोकांची मोकळी जागा काढणं, मग स्ट्रिंगमध्ये फक्त अंकच आहेत ना हे पाहणं, आणि शेवटी ‘नंबर’. हे सारं इनपुट बॉक्सच्या ‘व्हॅलिडेट-इनपुट’मध्ये ठेवलं तर टंकतानाच युजरला सूचना मिळते. सूचना ‘अवैध व्हॅल्यू’ अशी नको, ‘१ ते ६०० मधला पूर्णांक लिहा’ अशी हवी.

सेटिंग फाइलमध्ये मात्र ही सोय करता येत नाही. जेसनच्या व्याकरणात आकडा इंग्रजी अंकांतच लिहावा लागतो.

जे सेटिंग नव्हे

एक्स्टेंशन किती वेळा उघडलं, शेवटची शब्दसंख्या किती होती, हेही पूर्णांकच. पण ते युजरने ठरवलेले नाहीत, म्हणून ते सेटिंगमध्ये जाऊ नयेत. त्यांच्यासाठी ‘ग्लोबल-स्टेट’ आणि ‘वर्कस्पेस-स्टेट’ आहेत. दर काही सेकंदांनी बदलणारा आकडा तुम्ही सेटिंग फाइलमध्ये लिहीत राहिलात, तर प्रत्येक वेळी युजरची फाइल बदलते आणि बदल ऐकणारं प्रत्येक एक्स्टेंशन जागं होतं. युजर जो आकडा हाताने बदलू इच्छील तो सेटिंगमध्ये, बाकी सगळे स्टेटमध्ये, एवढी एकच कसोटी मला आजवर पुरली आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ आणि जेटब्रेन्स

मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओसाठी लिहिणाऱ्यांचे नियम वेगळे. तिथे ‘शेल-सेटिंग्ज-मॅनेजर’कडून युजर सेटिंगचं ‘रायटेबल-सेटिंग्ज-स्टोअर’ मागायचं. हे स्टोअर टाइपच्या बाबतीत काटेकोर आहे, ३२ बिटांच्या पूर्णांकाला वेगळं फंक्शन, ६४ बिटांच्या पूर्णांकाला वेगळं. लिहिताना एक आणि वाचताना दुसरं वापरू नका. लिहिण्याआधी कलेक्शन अस्तित्वात आहे का ते विचारा आणि नसेल तर तयार करा, नाही तर ‘सेट-इंट-३२’ अपवाद फेकतं. वाचताना ‘गेट-इंट-३२’ला तिसरी व्हॅल्यू म्हणून डिफॉल्ट द्या, म्हणजे पहिल्यांदाच चालवणाऱ्याकडे प्रोग्रॅम पडत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून या सेटिंग एका खासगी रजिस्ट्री फाइलमध्ये राहतात. त्यामुळे विंडोजचा रजिस्ट्री एडिटर उघडून शोधलं तर त्या सहजासहजी सापडत नाहीत. आणि डीबग करताना जी ‘एक्स्पेरिमेंटल’ प्रत उघडते तिचं स्टोअरही वेगळं असतं. तिथे साठवलेला आकडा नेहमीच्या प्रतीत दिसत नाही, यात कोडची चूक शोधत बसू नका.

जेटब्रेन्सच्या आयडीईंमध्ये ‘प्रॉपर्टीज-कंपोनंट’ला आकडा देताना सोबत डिफॉल्टही द्यावा लागतो, आणि दोन्ही सारखे असतील तर नोंद ठेवलीच जात नाही. याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. युजरने विचार करून ५ निवडला, डिफॉल्टही ५ होता, म्हणून काहीच साठलं नाही. पुढच्या आवृत्तीत तुम्ही डिफॉल्ट १० केला, की त्याचाही आकडा न विचारता १० होतो.

एकक बदलायचं झालं तर

शब्दमोजणीच्या उदाहरणाकडे परत येऊ. वर्षभराने वाटेल की सेकंद नकोत, मिलिसेकंद हवेत. त्याच कळीचा अर्थ बदलू नका. जुन्या युजरचे ५ सेकंद एका रात्रीत ५ मिलिसेकंद होतील, आणि ५ हा दोन्हीकडे वैध पूर्णांक असल्यामुळे कोणतीही तपासणी ते पकडणार नाही. नवी कळ काढा. जुनीवर ‘डेप्रिकेशन-मेसेज’ लावा, म्हणजे फाइलमध्ये ती कळ दिसताच एडिटर तुमचा संदेश दाखवेल. नवी कळ कोणत्याही थरावर लिहिलेली नसेल आणि जुनी असेल, तर वाचणाऱ्या फंक्शनने जुनी व्हॅल्यू घेऊन १००० ने गुणावी. ती नोंद युजरची आहे की डिफॉल्ट, हे इथेही ‘इन्स्पेक्ट’च सांगतं, कारण ‘गेट’ दोन्हींत फरक करत नाही. जुनी कळ पुढच्या काही आवृत्त्यांत तशीच राहू द्या. पुष्कळ लोक एक्स्टेंशन महिनोन्‌महिने अद्ययावत करत नाहीत, आणि मधल्या आवृत्त्या ओलांडून थेट शेवटच्या आवृत्तीवर येतात.